वेगळ्या गरजांचे मूल आणि शाळेचा पहिला महिना

जून महिना जवळ आला की घरोघरी दप्तर, गणवेश, वह्या-पुस्तकांची खरेदी सुरू होते. परंतु काही घरांतील आई-वडील या दिवसांत गप्प असतात. त्यांचे मूल नीट ऐकत नाही, उशिरा बोलते, चालताना त्याचा तोल जातो किंवा ते माणसांच्या नजरेला नजर देत नाही. "याला शाळेत कोण सांभाळणार? पोरं चिडवतील. राहू दे आणखी एक वर्ष घरी," असे म्हणता म्हणता मूल दहा वर्षांचे होते. बरोबरीची मुले चौथी-पाचवीत जातात आणि याला अजून अक्षरओळखही नसते. म्हणून आमचे पालकांना आग्रहाचे सांगणे आहे की, ते 'आणखी एक वर्ष' वाया घालवू नका.

हक्क काय आहे?

शाळेत प्रवेश मिळणे ही कुणाची मेहेरबानी नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा अधिकार दिला आहे. वयाचा दाखला नाही, एवढ्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. १९९५ च्या जुन्या कायद्यात ते सातच होते. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते.

अंगणवाडीत व शाळेत तपासणीसाठी आरोग्य पथक येते. त्या दिवशी मुलाला मुद्दाम हजर ठेवा. यूडीआयडी ओळखपत्रासाठी अर्ज करा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात विशेष शिक्षकांची आणि प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता यांची चौकशी करा. मुख्याध्यापक "नाही" म्हणाले तर भांडत बसू नका. नकार लेखी मागा आणि तो कागद घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

घरची तयारी

शाळा सुरू होण्याआधी दोन-तीन आठवडे मुलाला शाळेच्या वाटेने फिरवून आणा. वर्ग, पाण्याचा नळ, संडास त्याला दाखवा. घरीच गणवेश घालून, दप्तर अडकवून पाहा. डबा उघडणे, बाटलीचे झाकण फिरवणे, लघवीला जायचे आहे हे शब्दाने वा खुणेने सांगणे, एवढे जमले तरी अर्धी लढाई जिंकली.

स्वमग्न मुलांना अचानक झालेला बदल सोसत नाही. जुन्या कॅलेंडरातील किंवा वर्तमानपत्रातील चित्रे कापून पुठ्ठ्यावर ओळीने चिकटवा : आंघोळ, गणवेश, शाळा, डबा, घर. रोज सकाळी त्यावर बोट ठेवून दिवस समजावून सांगा. शेवटी घर आहे, हे दिसले की मूल शांत राहते. घंटेच्या किंवा भोंग्याच्या आवाजाला ते घाबरत असेल, तर तसे शिक्षकांना आधीच सांगून ठेवा.

मुलाला चारचौघांत बसायची सवय हवी. रविवारी विहारात मुले जमतात, तिथे त्याला दहा मिनिटे बसवा. पुढच्या खेपेला वीस.

गुरुजी-बाईंसाठी एक कागद

साठ मुलांच्या गोंधळात बाईंना सगळे लक्षात राहणार नाही. म्हणून एका कागदावर लिहून द्या : मुलाला काय आवडते, कशाची भीती वाटते, पाणी कसे मागते, औषध कोणते चालू आहे, फोन कुणाला करायचा.

फिट येत असेल तर हे जरूर लिहा : मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात, तोंडात चमचा वा बोट घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

वर्गातील जागा

कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पुढे बसवावे. बाईंनी त्याच्याकडे तोंड करून बोलावे, फळ्याकडे वळून नव्हे. पावसाळ्यात कानाचे यंत्र दमट होते. रात्री ते कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. कमी दिसणाऱ्या मुलाला फळ्यावर चकाकी येणार नाही अशी जागा आणि ठळक रेघांची वही द्यावी. ज्याचे पाय बाकावरून लोंबकळतात, त्याच्या पायांखाली फळी ठेवली की पाठ सरळ राहते आणि हात लिहायला मोकळा होतो. पेन्सिलीला चिंधी गुंडाळून जाड केली की पकड सुधारते.

मात्र 'सोय' म्हणून मुलाला कोपऱ्यात एकटे बसवत असतील तर ते मान्य करू नका. वर्गात वेगळे बसवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागत नाही.

पहिले काही दिवस

शिक्षकांशी बोलून सुरुवातीला एखादा तास, मग दोन तास, असे वाढवत जा. मुलाची नजर चुकवून पळून येऊ नका. त्याचा विश्वास उडतो. "डबा खाल्लास की मी येते," असे सांगा आणि ठरल्या वेळी दारात उभे राहा. घरी आल्यावर मूल चिडेल, रडेल, कदाचित पुन्हा अंथरूण ओले करील. दिवसभराचा ताण असा बाहेर पडतो. मारू नका.

शेवटी वडील मंडळींना एक सांगणे. अशा मुलाची शाळा म्हणजे एकट्या आईचे काम, असे अनेक घरांत ठरूनच गेलेले असते. तिचे कामधंदे सुटतात, वर बोलणीही तीच खाते. पहिल्या आठवड्यात एक दिवस रजा टाका आणि मुलाचे बोट धरून तुम्ही स्वतः शाळेत जा. बाईंशी बोला, वर्गातल्या दोन मुलांची नावे विचारून घ्या आणि घरी आल्यावर त्या नावांनी मुलाशी गप्पा मारा. ओळखीचे एक नाव असले की दुसऱ्या दिवशी शाळेत जायला कारण सापडते.