लॅपटॉपचे घड्याळ आणि नाण्याएवढा घट

राहू म्हटले की सूर्याला गिळणारा, ग्रहणाच्या गोष्टीतला राहू आठवतो. दौंड तालुक्यातल्या राहू गावाचा लौकिक मात्र वेगळा आहे. मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांमधल्या या पट्ट्याला राहू बेट म्हणतात. येथे ऊस उदंड आणि त्यामुळे गुऱ्हाळेही पुष्कळ. अशाच एका गुऱ्हाळमालकाचा मुलगा आमच्या महाविद्यालयात शिकतो. दिवाळीनंतर एके दिवशी तो घरचा जुना लॅपटॉप घेऊन प्रयोगशाळेत आला.

त्यांचे गुऱ्हाळ पावसाळ्यात बंद असते. तेवढे चार महिने लॅपटॉपही कपाटात पडून होता. काम सुरू झाल्यावर बटण दाबले, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी उमटल्या. पहिलीचा अर्थ होता, 'वेळ लावलेली नाही'. दुसरीचा, 'सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही'. दुसरी ओळ वाचून कोणीतरी निदान केले की डिस्क गेली, आता ती पुसून सगळे नव्याने भरावे लागेल. त्या डिस्कवर तीन हंगामांचा हिशेब होता. उसाची वजने, मजुरांना दिलेली उचल, विकलेल्या गुळाच्या ढेपा, सारे त्यातच. पहिल्या ओळीकडे कोणाचेच लक्ष गेले नव्हते, आणि खरी खूण तर तीच होती.

लॅपटॉप बंद केला तरी त्याचा एक लहानसा भाग जागाच असतो. तो म्हणजे त्यातले घड्याळ. या घड्याळाचा लंबक म्हणजे क्वार्ट्झचा एक बारीक स्फटिक. क्वार्ट्झसारख्या स्फटिकावर दाब दिला तर त्यावर विद्युतभार निर्माण होतो, असे पिअर व जाक क्यूरी या बंधूंना १८८० मध्ये आढळले. उलट, स्फटिकाला विद्युतदाब दिला तर तो किंचित वाकतो. घड्याळातला स्फटिक नादकाट्याच्या आकाराचा कापलेला असतो आणि तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा चमत्कारिक आकडा कशासाठी? वहीत ३२,७६८ ला २ ने भागा, आलेल्या उत्तराला पुन्हा २ ने भागा. असे पंधरा वेळा केले की बरोबर १ उरतो. दोनाने भागणे हे संगणकाच्या मंडलांना सर्वांत सोपे काम, त्यामुळे सेकंदाचा ठोका आयताच मिळतो.

हे घड्याळ चालू ठेवायला वीज लागते. १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकात तशी सोय नव्हती. तो प्रत्येक वेळी सुरू होताना तारीख आणि वेळ विचारी. १९८४ च्या एटी या नमुन्यात मात्र घट जोडलेले घड्याळ आले. त्याच्या चिपमध्ये ६४ बाइटांची स्मृती होती. त्यांतले १४ बाइट घड्याळाच्या कामाचे, आणि उरलेल्या ५० बाइटांत डिस्क कोणती, ती कशी जोडली आहे, अशी माहिती ठेवलेली असे. आमच्यापुढच्या कोड्याचे उत्तर याच व्यवस्थेत होते. घट संपला की तारीख जाते आणि जुन्या यंत्रांत डिस्कची ही माहितीही पुसली जाते. डिस्क शाबूत असते, तिच्यावरचे अक्षरही हललेले नसते. फक्त तिच्याशी कसे बोलायचे हे यंत्र विसरते. नव्या यंत्रांत अशी माहिती वीज नसतानाही टिकणाऱ्या स्मृतीत ठेवतात, म्हणून तेथे बहुधा नुसती वेळच बिघडते.

हा घट लिथियमचा असतो. त्याच्यावर बहुधा 'सीआर २०३२' असे लिहिलेले आढळते, म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. विद्युतदाब ३ व्होल्ट, क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. घड्याळाला ३ मायक्रोअँपिअर प्रवाह लागतो असे धरले तर ०.२२ भागिले ०.०००००३, म्हणजे सुमारे ७३,००० तास, किंवा आठ वर्षांहून अधिक काळ तो पुरेल. प्रत्यक्षात रोजच्या वापरातल्या यंत्रात तो आणखी टिकतो, कारण मोठी बॅटरी भरलेली असताना घड्याळाला तिच्याकडून वीज मिळते. कपाटात ठेवलेल्या लॅपटॉपची मोठी बॅटरी हळूहळू आपोआप रिकामी होते आणि मग सगळा भार या नाण्याएवढ्या घटावर येतो. शिवाय लिथियमचा घट आधी सूचना देत नाही. शेवटपर्यंत त्याचा दाब ३ व्होल्टच्या आसपास राहतो आणि मग एकदम कोसळतो. आमच्या मापकावर तो २.१ व्होल्ट भरला.

पण यंत्र न उघडताही निदान करता येते. वेळ नीट लावा, लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. मोठी बॅटरी सहज निघणारी असेल तर तीही काढा आणि रात्रभर ठेवून द्या. इंटरनेट न जोडता सकाळी वेळ पाहा. यंत्र जितके तास बंद होते तितकेच घड्याळ मागे पडले असेल, तर घट इतका क्षीण झाला आहे की स्मृती कशीबशी टिकते, पण स्फटिकाचे कंपन थांबते. तारीख एकदम कित्येक वर्षे मागे गेली असेल, तर घट संपलाच. आणि फरक नेमका ५ तास ३० मिनिटांचा असेल, तर घटाचा काही दोष नाही! आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आणि १५ अंशांना एक तास, म्हणून हा फरक. एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असले की असे होते, कारण लिनक्स सहसा घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवते आणि विंडोज स्थानिक वेळ.

चुकीच्या तारखेचा आणखी एक उपद्रव आहे. सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्रावर मुदतीची सुरुवात आणि शेवट लिहिलेला असतो. लॅपटॉपला २०१५ साल चालू आहे असे वाटत असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेले नसते, आणि तो संकेतस्थळ उघडायला नकार देतो. शिष्यवृत्तीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी इंटरनेटला शिव्या देणाऱ्यांनी आधी कोपऱ्यातली तारीख पाहावी.

राहूच्या लॅपटॉपमध्ये आम्ही सुरुवातीच्या मांडणीत जाऊन तारीख लावली आणि डिस्कच्या जोडणीची पद्धत पूर्ववत केली. पुढच्या मिनिटाला तिन्ही हंगामांचे हिशेब पडद्यावर होते. त्यांची प्रत दुसरीकडे काढून घेतली आणि मगच घट बदलला. लॅपटॉपमधल्या या घटाला पुष्कळदा दोन तारा आणि छोटी खुंटी असते, म्हणून तशाच जोडणीचा घट घ्यावा लागतो. काही नव्या नमुन्यांत तो नसतोच. तेथे घड्याळ मोठ्या बॅटरीवरच चालते. उघडण्याचे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे, आणि मोठी बॅटरी फुगलेली दिसली तर तिला टोचू किंवा दाबू नये. काढलेल्या घटाला चिकटपट्टी लावून तो लहान भावंडांपासून दूर ठेवा. गिळला गेल्यास दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते; तसे झाले तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

घड्याळ नीट चालू लागले की एक प्रयोग करण्यासारखा आहे. स्फटिकाचा नादकाटा साधारण २५ अंश सेल्सिअसला सर्वांत वेगाने कंप पावतो. त्याहून गरम किंवा थंड हवेत तो किंचित मंदावतो. ४५ अंशांना हा फरक दिवसाला सुमारे एक सेकंद भरतो. मे महिन्यात इंटरनेटवरून वेळ जुळवण्याची सोय बंद करा, वेळ सेकंदापर्यंत लावून लॅपटॉप आठ दिवस बंद ठेवा, आणि मग मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक लिहा. शेजारी रोजचे खोलीचे तापमानही नोंदवा. हाच प्रयोग डिसेंबरात पुन्हा करा.