नाटक मोडून दाखवणारा मुलूख

१९९७ च्या फेब्रुवारीत ‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी मालिकेचा एक भाग प्रसारित झाला. त्यातली मुलं टीव्हीवर मांजर-उंदराचं एक कार्टून बघत असतात. त्या कार्टूनचे प्रेक्षक घटतात, म्हणून निर्माते त्यात पूची नावाचा कुत्रा घुसवतात आणि तो कुणालाच रुचत नाही. गंमत अशी, की त्याच भागात सिम्पसन कुटुंबाच्या घरीही रॉय नावाचा एक तरुण राहायला आलेला दिसतो. तो कोण, कुठला, कधी आला याचा खुलासा नाही, आणि शेवटी तो निघूनही जातो. जुन्या मालिकेत नवं पात्र घुसवण्याची जी थट्टा चालली होती, ती लेखकांनी स्वतःच्या मालिकेलाही लावून घेतली.

१९८९ साली सुरू झालेली ही मालिका, १९९७ ची ‘साउथ पार्क’, २०१३ ची ‘रिक अँड मॉर्टी’ यांनी मोठ्या माणसांच्या कार्टूनला हे वळण लावलं. गोष्ट सांगता सांगता तिचा सांगाडा उघडा करायचा, धर्मग्रंथातलं पात्र आणि जाहिरातीतलं पात्र एका पंगतीला बसवायचं, मध्येच वळून थेट प्रेक्षकाशी बोलायचं. समीक्षक याला उत्तर-आधुनिक म्हणतात. शिमग्यात नमन हे कोकणी लोकनाट्य बघत वाढलेल्या रत्नागिरीच्या माणसाला यातलं काहीच नवलाचं वाटू नये.

नमनाच्या वेळी देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे गावातल्या चौथऱ्यावर, बसलेली असते, खेळे म्हणजे नमन करणारे मृदंग-झांजा घेऊन ओळीत उभे असतात. गण होतो. मग गवळणी मथुरेच्या बाजाराला निघतात आणि त्यांच्यासोबत मावशी असते. मावशी म्हणजे पुरुषच, लुगडं नेसलेला, पदर खोचलेला. कृष्ण आणि पेंद्या वाट अडवतात आणि बघता बघता मथुरेचा रस्ता आपल्या वाडीचा रस्ता होतो. मावशी नळाला पाणी का नाही ते विचारते, वस्तीची एसटी कुठे अडली ते विचारते. पुढच्या रांगेत बसलेल्या चाकरमान्याला घराचं काम कुठवर आलं ते विचारते आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. गवळण झालेल्या पोराला ती खुशाल त्याच्या खऱ्या नावानं हाक मारते. द्वापरयुग आणि ग्रामपंचायत यांच्यात पडदा म्हणून नसतोच. काळा पोशाख, उंच टोपी आणि पांढरी दाढी लावलेला संकासूर आला, की उरलीसुरली मर्यादाही गळून पडते.

‘सिम्पसन्स’मधला मुलगा बार्ट १९८९ पासून दहा वर्षांचाच आहे. त्याचं वय वाढत नाही, म्हणून त्याला काहीही बोलता येतं. संकासुराचंही तसंच. आत माणूस कुणी का असेना, मुखवटा तोच राहतो, आणि मुखवट्याच्या बोलण्याचा राग धरायचा नसतो.

हे नमन रंगभूमीवर पोहोचायला बराच काळ गेला. १९७२ च्या ‘घाशीराम कोतवाल’मध्ये गाणाऱ्या माणसांची जी हलती भिंत आहे, तिचं नातं जाणकार कोकणातल्या खेळ्यांशी जोडतात. पण तिथे ते आलं पुण्याच्या गोष्टीसाठी. कोकणानं स्वतःच्या बोलीत, स्वतःच्याच नाटकवेडाची गोष्ट सांगितली ती आठ वर्षांनी.

पुढे जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पामुळे ज्या माडबनचं नाव देशभर झालं, ते राजापूर तालुक्यातलं माडबन हे गंगाराम गवाणकरांचं गाव. मुंबईत शिकत, हलाखीत दिवस काढत असताना गावच्या जत्रेतली नाटकं त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. त्यांनी एक नाटक लिहिलं, नाव ‘आज काय नाटक होवचा नाय’. नावातच नाटकानं स्वतःला नाकारलेलं. तेच पुढे ‘वस्त्रहरण’ म्हणून १६ फेब्रुवारी १९८० रोजी व्यावसायिक रंगभूमीवर आलं. दिग्दर्शक रमेश रणदिवे, आणि तात्या सरपंचाच्या भूमिकेत मच्छिंद्र कांबळी.

कोकणातल्या गावात द्रौपदी वस्त्रहरणाचा प्रयोग बसवायचा घाट घातलेला आहे. पाठांतराचा पत्ता नाही, पात्रं रुसलेली आहेत, गावकीची भांडणं कौरव-पांडवांच्या संवादांत शिरली आहेत आणि तात्या सरपंच सगळ्यांना दटावत, गोंजारत ते गाडं पुढे ढकलतो आहे. प्रेक्षक एकाच वेळी दोन नाटकं बघतो: होणारं आणि न होणारं. सुरुवातीला नाटक चालेना. पु. ल. देशपांड्यांनी प्रयोग पाहून मनापासून दाद दिली आणि वारं फिरलं. मालवणी बोलीतलं हे नाटक पुढे लंडनला गेलं, पाच हजारांवर प्रयोग झाले. २०१६ साली ठाण्याच्या ९६व्या नाट्य संमेलनाचं अध्यक्षपद गवाणकरांकडे आलं. ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलं तेव्हा ‘सिम्पसन्स’ला स्वतंत्र मालिका म्हणून सुरू व्हायला जवळजवळ दहा वर्षं अवकाश होता, हे मला अभिमानानं सांगावंसं वाटतं. मात्र ‘वस्त्रहरण’ला कुणी उत्तर-आधुनिक म्हटलं नाही, फार्स म्हणून त्याची बोळवण झाली. ही समीक्षेची चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

टीव्हीवर हे सगळं एकदम उसळलं ते २०१४ नंतर. ‘चला हवा येऊ द्या’नं थुकरटवाडी नावाचं गाव वसवलं आणि आठवड्याला एक सिनेमा उलटापालटा केला. प्रसिद्धीसाठी आलेले खरे नट समोर बसून स्वतःचंच विडंबन बघायचे. २०१८ पासून ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ आली. चिपळूणच्या ओंकार भोजने आणि प्रभाकर मोरे यांनी तिथे आपली बोली आणि नमनाचा ठेका थेट स्टुडिओत नेला. नट मध्येच हसू दाबू शकत नाही, परीक्षकांशी बोलतो, सहकाऱ्याच्या खऱ्या आयुष्यावर टोमणा मारतो, आणि ते कापून टाकलं जात नाही. शिमग्यातली मावशी तिथे दिसते मला.

तरी एक फरक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. कार्टूनमध्ये किंवा स्टुडिओत एकदा सांगाडा उघडा झाला, की श्रद्धा ठेवावी असं सहसा काही उरत नाही. नमनात तसं होत नाही. तासभर ज्याची टिंगल झाली तोच वाडीतला पोरगा गणपतीचं सोंग चढवून आला, की म्हाताऱ्या उठून हात जोडतात. आत कोण आहे ते त्यांना ठाऊक असतं. ते दिसतं, त्याच्यावर हसू येतं, आणि तरीही नमस्कार खराच असतो. मुखवट्यामागचा माणूस दाखवूनही मुखवट्याचं देवपण जात नाही, हे आमच्या खेळ्यांनी साधलेलं आहे. ‘वस्त्रहरण’मध्येही त्याचा अंश उतरला आहे: ते महाभारताला हसत नाही, महाभारत करू पाहणाऱ्या गरीब हौशी माणसांवर जीव टाकत हसतं.

मुंबईत नमनासारख्या प्रयोगांना हक्काची जागा होती परळचं दामोदर नाट्यगृह. गिरणगावात राहणाऱ्या कोकणी माणसानं तिथे तिकीट काढून नमनं बघितली, जाखडीचे नाच बघितले. शंभरी ओलांडलेलं ते नाट्यगृह २०२३ च्या नोव्हेंबरात पुनर्बांधणीसाठी बंद झालं. आता मोबाइलवर नमनांचे व्हिडिओ भरपूर सापडतात. पण त्यांत बहुधा गण असतो, गवळणीची पदं असतात, रावणाच्या दहा तोंडांचं सोंग असतं. मावशीचं बोलणं लांबण म्हणून कापलेलं असतं. पदं निदान वह्यांत उतरवलेली आहेत. मावशी कुठल्या वाडीत, कुठल्या शिमग्यात, कुणाला काय म्हणाली, हे मात्र कुणीच लिहून ठेवलेलं नाही. विद्यापीठात लोककलेवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलांनी येत्या फाल्गुनात मृदंगाशेजारी बसावं आणि आधी तेवढंच टिपून घ्यावं.