एका लॅपटॉपवर दोन बिऱ्हाडं : अडलं तर काय कराल?

सोलापुरात इंजिनिअरिंगची पोरं प्रॅक्टिकलसाठी विंडोजशेजारीच उबुंटू लिनक्स थाटतात. कुरबुरी मात्र ठरलेल्या.

● आधी बॅकअप : पार्टिशनला हात लावण्यापूर्वी फायली बाहेरच्या डिस्कवर घ्या. विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर सुरू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की वहीत उतरवा.

● जागेचा हिशेब : जुन्या एमबीआर पद्धतीत मुख्य पार्टिशन फक्त 4 आणि मर्यादा साधारण 2 टीबी. नव्या जीपीटी पद्धतीत विंडोज 128 पार्टिशन चालवते. विंडोजचं पार्टिशन विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करा.

● उबुंटू गायब : विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर असं घडतं. डेटा बहुधा शाबूत असतो, बूटचा क्रम तेवढा बदलतो. लॅपटॉपच्या यूईएफआय (बूट) सेटिंगमध्ये उबुंटूला पहिला नंबर द्या.

● विंडोज गायब : सुरुवातीला सिस्टिम निवडू देणाऱ्या ग्रबमध्ये 2.06 पासून (2021) इतर सिस्टिम शोधणारा ओएस-प्रोबर मुळातच बंद असतो. तो सुरू करून ग्रब अपडेट करा.

● उबुंटूतून विंडोजच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही : विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते सुरू असलं की विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते.

● घड्याळ साडेपाच तास मागे : लिनक्स मशिनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच भारतीय वेळ समजते. दोघांना एकच पद्धत लावा.

● उबुंटू काढताना : आधी बूटमध्ये विंडोज वर आणा, मगच पार्टिशन पुसा. नाहीतर ग्रबच्या काळ्या पडद्यावर अडकाल.