बिअरची पारख

मद्याचा विषय निघाला कीं आपल्या घरांतील वडील मंडळी गप्प बसतात आणि तरुण मंडळी उठून जातात. परंतु शिक्षणासाठीं अथवा नोकरीसाठीं परदेशीं गेलेल्या मुलामुलींची ज्या वस्तूशीं वरचेवर गांठ पडते, ती आहे तरी काय, हें घरच्यांनीं जाणून घेणें बरें. या हेतूनें अमेरिकेंतील एका गांवीं, लहान कारखान्यांच्या बिअरची पारख करण्याचा जो कार्यक्रम एका दुकानांत होता, त्यास मी मुलीबरोबर गेलों.

दाराशींच वयाचा दाखला पाहिला जातो. २१ वर्षें पूर्ण नसणारास प्रवेश नाहीं. आंत गुत्त्याचा गोंगाट नव्हता. प्रत्येकापुढें सहा लहान पेले, पिण्याचें पाणी, आणि नको असेल तें ओतून टाकण्यासाठीं एक रिकामें भांडें. दुकानदारानें आधीं कच्चा माल हातीं दिला: मोड आणून वाळविलेला जव आणि हॉप्स नांवाच्या वेलीचीं वाळलेलीं फुलें. धान्याला मोड कां आणावयाचे, हें नाचणीचें सत्त्व करणाऱ्या गृहिणीस सांगावयास नको. मोड येतांना उत्पन्न होणारीं पाचक द्रव्यें पुढें ऊन पाण्यांत त्या धान्याच्या पिठाची साखर करितात. तो गोड काढा हॉप्स घालून उकळतात, निववितात व आंबवितात. यीस्ट नांवाचे सूक्ष्म जीव साखर खाऊन मद्यार्क व कर्बाम्ल वायु सोडतात. जव करपेपर्यंत भाजला तर वास कॉफीसारखा येतो. हॉप्स वाढविले तर कडूपणा वाढतो.

एका बाटलीवर आपल्या देशाचें नांव होतें: इंडिया पेल एल. हिंदुस्थानांतील इंग्रजांकरितां गलबतांतून येणाऱ्या बिअरमध्यें हॉप्स अधिक घालीत, कारण त्यांमुळें ती लांबच्या प्रवासांत लवकर नासत नसे. अमेरिकेंत मात्र १९७८ च्या सुमारास बिअरचे शंभरही कारखाने उरले नव्हते. त्याच सालीं राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीं घरगुती बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. आज तेथें लहानमोठे ९,००० हून अधिक कारखाने आहेत.

पारखीचा क्रम ठरलेला: प्रथम रंग, मग वास, मग घोट. पुष्कळशी पारख नाकाचीच असल्यामुळें, न पितांही मला तींत भाग घेतां आला. ध्यानांत राहिला तो एक आंकडा. साध्या बिअरमध्यें मद्यार्क ४-५ टक्के असतो. काळ्या इंपीरियल स्टाऊटमध्यें १० च्या आसपास, क्वचित् त्याहूनही अधिक. पेला तोच, माप तेंच, आणि मद्यार्क दुप्पट! चवीच्या वर्णनांत तो आंकडा बाटलीच्या कडेला बारीक अक्षरांत राहतो.

रसिकतेनें अपाय टळत नाहीं. मद्य कर्करोगास कारण होतें, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें १९८८ सालींच दिला; आणि मद्याचें कोणतेंही प्रमाण निर्धोक म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें जानेवारी २०२३ मध्यें सांगितलें. हें मीं मुलीस सांगितलें. तिनें तीन पेले चाखून बाकीचे ओतून दिले होते. आम्ही पायींच परतत होतों. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही रागवाल म्हणून पांच वर्षें मी हें तुम्हांला कळूं दिलें नाहीं."

मद्य वर्ज्य कीं नाहीं, हें ज्या त्या घरानें ठरवावें. मी तें वर्ज्यच मानतों. परंतु परक्या गांवीं अधिक पिऊन बसलेल्या ज्या मुलास अपरात्रीं घरीं फोन करण्याची भीति वाटते, त्याचें रक्षण आपल्या निषेधानें होत नाहीं.