चाकाचे फेरे आणि रस्त्याची लांबी

सायकलच्या चाकाचा व्यास 70 सेंमी. परीघ = π × व्यास, म्हणजे साधारण 2.2 मीटर. एका फेऱ्यात सायकल तेवढीच पुढे जाते. फेरे मोजा, 2.2 ने गुणा, अंतर मिळालं. शाळेतलं गणित आहे, यात संशोधन कुठे आलं?

आता सायकलवर बसा. तुमच्या वजनाने टायर दबतो. समजा, प्रत्यक्षात कामी येणारी त्रिज्या त्यामुळे 3 मिमीने घटली. मग परीघ 2π × 3, म्हणजे जवळपास 19 मिमीने कमी झाला. फार नाही वाटत ना? पण 42.195 किमीची मॅरेथॉन जुन्याच परिघावर आखली, तर मार्ग सुमारे 360 मीटर आखूड भरेल. दहादा मोजून सरासरी काढलीत तरी आखूडच, कारण ही चूक दर फेऱ्याला एकाच बाजूला पडते. (सिस्टिमॅटिक एरर म्हणतात ती हीच. मुलाखतीत हमखास विचारतात.)

म्हणून मॅरेथॉनचा मार्ग मोजणारे व्यासाच्या वाटेला जातच नाहीत. ते पुढच्या चाकाला जोन्स काउंटर लावतात, स्टीलच्या टेपने मोजलेल्या सरळ रस्त्यावर सायकल चार-चार वेळा चालवतात आणि किलोमीटरला किती काउंट पडतात ते काढतात. π लागतच नाही! शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून 0.1 टक्का, म्हणजे 42 मीटर, मुद्दाम जास्त धरतात.

काम संपलं की पुन्हा त्याच रस्त्यावर सायकल चालवायची. उन्हात टायर तापून फुगलेला असतो, आणि सकाळचा आकडा दुपारी जुळत नाही.