चंदेरी पोंगा : भातावरील गादमाशी आणि तिचे शत्रू

बाळगुटीच्या सामानात जायफळाशेजारी मायफळ असते. नावात फळ असले, तरी ते फळ नव्हे. पश्चिम आशियातील एका जातीच्या ओक वृक्षाच्या डहाळीत अगदी लहान आकाराची एक गांधीलमाशी अंडे घालते. त्यातून निघालेल्या अळीभोवती झाडाच्याच पेशी वाढत जाऊन जी कठीण गोळी बनते, तेच मायफळ होय. खोकल्यावर देतात ती काकडशिंगीही अशीच. हिमालयाच्या वायव्य भागातील एका वृक्षावर माव्याच्या वर्गातील किडींनी घडविलेली ती पोकळ गाठ असते. पाने कुरतडणारा किडा झाडाचा फक्त नाश करतो. गाठ करणारा किडा मात्र झाडाच्या वाढीलाच निराळे वळण लावतो. झाड त्याच्यासाठी घर बांधते आणि त्या घराच्या भिंतीच त्याला अन्नही पुरवितात.

औषधाच्या दुकानात अशा गाठीला किंमत येते. भाताच्या बांधीत मात्र तिच्यापायी शेतकऱ्याचे पीक जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील धान पिकविणाऱ्यांना गादमाशी आणि तिचे चंदेरी पोंगे यांचा परिचय करून द्यावयास नको. या माशीला शास्त्रीय नाव मिळाले ते मात्र तेथून पुष्कळ दूर, तत्कालीन कलकत्त्यात. बिहारमधील मुंगेर भागात १८८० च्या सुमारास भातावर ही कीड दिसून आली. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममधील प्राणिशास्त्रज्ञ जेम्स वुड-मेसन यांच्या नावे तिचे १८८९ चे वर्णन नोंदलेले आहे. त्याच वर्षी ‘इंडियन म्यूझियम नोट्स’ ही कीटकांविषयीची पत्रिका तेथून निघू लागली. तेव्हाच्या नावातील ‘सेसिडोमिया’ हा भाग पुढे बदलला. दीर्घकाळ तिला ‘पॅचिडिप्लोसिस ओरायझी’ म्हणत. आज ‘ओर्सिओलिया ओरायझी’ म्हणतात. आफ्रिकेतील भातावर आढळणारी माशी हिचीच बहीण समजली जाई. १९८२ मध्ये ती स्वतंत्र जाती ठरली.

ही माशी डासाएवढी व नाजूक असून रात्री उडते आणि दिव्याकडे येते. मादीचे पोट तांबूस असते. ती भाताच्या पानांवर शंभर ते दोनशे अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते, आणि येथेच तिच्या आयुष्यातील सर्वांत अवघड प्रवास सुरू होतो. पानावरून खाली उतरून आवरणांच्या फटीतून तिला फुटव्याच्या वाढत्या कोंभापर्यंत पोहोचावे लागते, आणि पानावर ओलाव्याचा पातळ थर असेल तरच हे साधते. हवा कोरडी पडली की बहुसंख्य अळ्या वाटेतच मरतात. ढगाळ व दमट दिवसांत गादमाशी का बळावते, याचे कारण हेच.

कोंभाशी पोहोचलेली अळी तेथे खाऊ लागताच कोंभाची स्वाभाविक वाढ थांबते. तिच्याभोवती एक लांबट कोठडी तयार होते, आणि मग पानाचे आवरण नळीसारखे वर वाढते. कांद्याच्या पातीसारखी दिसणारी ही फिकट, चकचकीत नळी म्हणजे चंदेरी पोंगा. कोष पक्व झाला की तो अंगावरील काट्यांच्या आधाराने वर सरकतो, टोकाजवळ छिद्र पाडून अर्धा बाहेर येतो आणि त्यातून माशी उडून जाते. रिकामी कोषत्वचा छिद्रात अडकून राहते. त्या फुटव्याला लोंबी येत नाही. धान नवे फुटवे काढून ही तूट भरून काढू पाहते, परंतु ते कोवळे फुटवे म्हणजे पुढच्या पिढीला नवे घरच. लोंबी धरू लागल्यावर मात्र नवे पोंगे होत नाहीत.

अशा बंदिस्त घरात अळी सुरक्षित असावी, असे वाटेल. वस्तुतः गाठ ही एकट्याची कोठडी नसते. घर बांधणाऱ्याबरोबर आयते राहावयास येणारे, त्याला खाणारे व त्या खाणाऱ्यांनाही खाणारे असा एक लहानसा समाजच तेथे वसतो. या समाजाचा भारतात ज्यांनी विस्ताराने अभ्यास केला, त्यांत एम. एस. मणी यांचे नाव अग्रगण्य आहे. गाठी करणाऱ्या माश्या आणि त्यांच्यावर जगणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाश्या या दोहोंवरील त्यांचे लेख १९३० नंतरच्या दशकात कलकत्त्याच्या ‘रेकॉर्ड्‌स ऑफ द इंडियन म्यूझियम’मध्ये छापले गेले, १९६४ मध्ये वनस्पतींवरील गाठींच्या परिस्थितिविज्ञानावरील त्यांचा ग्रंथ हेगहून प्रसिद्ध झाला.

गादमाशीच्या शत्रूंत ‘प्लॅटीगॅस्टर ओरायझी’ ही काळी, अतिसूक्ष्म गांधीलमाशी प्रमुख होय. ती पोंगा उघडण्याच्या खटपटीत पडत नाही. गादमाशीच्या अंड्यातच आपले अंडे घालते. अळी नेहमीप्रमाणे निघते, कोंभाशी जाते, पोंगाही घडविते. परंतु तिच्या शरीरात त्या एका परक्या अंड्याचे विभाजन होऊन अनेक भ्रूण झालेले असतात. अखेरीस अळीचे केवळ कातडे उरते आणि त्यातून डझनावारी गांधीलमाश्या बाहेर येतात. खेरीज ‘ओफिओनिया’ जातीचे चपळ भुंगेरेही या अळ्या खातात.

या व्यवस्थेत एक उणीव आहे. परजीवीने ग्रासलेली अळीही पोंगा करतेच, म्हणून तो फुटवा वाचत नाही. लाभ होतो तो पुढच्या पिढीत. शिवाय गादमाशी आधी वाढते व शत्रू तिच्या मागून. हंगामाच्या शेवटी पुष्कळशा पोंग्यांत परजीवी सापडतात, पण तोवर नुकसान होऊन गेलेले असते. त्यातच सरसकट विषारी फवारणी केली, तर पोंग्यातील अळी आडोशाला राहते आणि उघड्यावर फिरणारी गांधीलमाशी आधी मरते.

मनुष्याला मात्र गाठ व तिचे शत्रू यांचा हा खेळ नेहमीच तोट्याचा असतो असे नाही. कोलकात्यासमोर हुगळीपलीकडे शिबपूरच्या वनस्पतिउद्यानात जो प्रसिद्ध महावट आहे, त्याच्या फळांत ‘युप्रिस्टिना मेसोनी’ ही गांधीलमाशी काही फुलांच्या गाठी करते आणि त्याच वेळी इतर फुलांचे परागण करते. याच उद्यानाचे अधीक्षक जॉर्ज किंग यांनी १८८७-८८ मधील आपल्या ग्रंथात अंजीर-वड वर्गातील अशा ‘गाठफुलां’चा विचार केला होता. येथेही लांब सुईसारख्या अवयवाने फळाच्या सालीतून भोक पाडून आत अंडी घालणाऱ्या उपऱ्या माश्या आहेतच.

धानाच्या बाबतीत प्रतिकारक वाण शोधण्यावर भर राहिला. पण माशीही बदलते. भारतात तिचे ७ जैवप्रकार नोंदले गेले असून एका ठिकाणी टिकणारा वाण दुसरीकडे बळी पडतो. म्हणून मागून येणाऱ्या शत्रूला थोडे आधी बोलाविण्याचा उपायही सुचविला जातो. रोवणीनंतर सुमारे १० दिवसांनी, १० चौरस मीटरला एक या प्रमाणात, परजीवी असलेले चंदेरी पोंगे बांधीत ठेवावयाचे. असे पोंगे अगोदर लागलेल्या धानातून गोळा करावे लागतात. वरून पाहून ते ओळखू येत नाहीत, म्हणून गोळा केलेल्यांपैकी काही चिरून आत अळी धडधाकट आहे की परजीवींनी भरलेली, हे पाहावे लागते.