जात्याची घरघर आणि जपलेले आवाज

एखादे गाणे हरवते म्हणजे नेमके काय होते? गाणारा माणूस जातो तेव्हा ते हरवते, की ऐकून आठवणारे कोणी उरत नाही तेव्हा? दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो पडला एका इंग्रजी बँडमुळे, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी जाऊन पोहोचले आहुप्याच्या आमच्या घरातल्या जात्यापाशी. ही वाट जरा आडवळणाची आहे. पण वाचकांनी थोडी सोबत करावी, एवढीच विनंती.

आहुपे हे आंबेगाव तालुक्याचे पश्चिमेकडचे टोक. गावाच्या कड्यावर उभे राहिले की खाली कोकण दिसते. घाटाने उतरले की मुरबाड तालुका लागतो. आमच्याच डोंगरात घोड नदी उगम पावते, आणि पुढे डिंभ्याला तिच्यावर धरण आहे. भात, नाचणी, वरई आणि हिरडा यांवर आमची घरे चालतात. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. तेव्हा वसतिगृहात आल्यावर ‘बीटल्स’ हे नाव मी प्रथमच ऐकले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

माझ्या खोलीतली मैत्रीण या बँडची वेडी आहे. तिला हे वेड तिच्या काकांकडून आले. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरातल्या चार मुलांचा हा बँड १९७० साली फुटला. १९६८ मध्ये हेच चौघे ध्यानधारणा शिकण्यासाठी आपल्या ऋषिकेशला येऊन राहिले होते. बँड फुटल्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत, ‘अँथॉलॉजी’ या नावाने त्यांचे तीन संच निघाले. त्यांत नवी गाणी जवळजवळ नव्हतीच. पूर्वी बाजूला ठेवलेली, अर्धवट राहिलेली, चुकलेली, घरच्या घरी मुद्रित केलेली अशी गाणी त्यांत होती. प्रसिद्ध गाणे होण्यापूर्वी ते कसे होते, किती वेळा मोडले आणि पुन्हा जुळवले, हे त्यांतून ऐकू येते.

मैत्रिणीच्या काकांनी तरुणपणी या संचांच्या कॅसेटी विकत घेतल्या होत्या. सुटीत तिच्या घरी गेले तेव्हा मी त्यांना विचारले, “काका, मूळची चांगली गाणी असताना ही चुकलेली गाणी कशाला ऐकायची?” ते म्हणाले, “पोरी, तयार गाणं साऱ्या जगाचं असतं. पण मध्येच कुणी हसतो, कुणी चुकतो, पुन्हा सुरू करतो, तेव्हा वाटतं की आपण त्या खोलीत दाराशी उभे आहोत.” पहिल्यांदा त्या कॅसेटी कोणाबरोबर ऐकल्या, कोणता मित्र आता नाही, हे सारे ते सांगत बसले. त्यांच्या आठवणीत गाणी थोडी आणि माणसे फार होती.

त्या संचातल्या एका तबकडीची गोष्ट त्यांनी सांगितली. १९५८ साली, बीटल्स हे नावही नव्हते तेव्हा, या मुलांनी लिव्हरपूलच्या एका घरगुती स्टुडिओत दोन गाणी मुद्रित केली. तबकडी निघाली एकच. पाच जणांनी ती आळीपाळीने आपापल्या घरी ठेवायची असे ठरले. शेवटी ती त्या वेळचा त्यांचा पियानोवादक जॉन लो याच्याकडे राहिली, आणि वीसेक वर्षे राहिली. १९८१ मध्ये पॉल मॅकार्टनी याने ती त्याच्याकडून विकत घेतली. मधल्या काळात ती फुटली असती, घर आवरताना कोणी टाकून दिली असती, तर जगाला ते गाणे कधीच ऐकता आले नसते.

दुसरी गोष्ट अलीकडची. जॉन लेनन याने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस घरी पियानोवर गाऊन काही गाणी साध्या कॅसेटवर टिपून ठेवली होती. १९८० मध्ये त्याची हत्या झाली. उरलेल्या तिघांनी १९९५ च्या सुमारास त्यांतले एक गाणे पुरे करायचा प्रयत्न केला. पण पियानोचा आवाज गळ्यावर चढत होता, म्हणून ते तसेच राहिले. पुढे संगणकाच्या साहाय्याने गळा आणि पियानो वेगळे करता येऊ लागले, आणि २०२३ मध्ये ते गाणे प्रसिद्ध झाले.

काका हे कौतुकाने सांगत होते, आणि मी मात्र गप्प झाले होते. त्याचे कारण आता सांगते.

मी नववीत असताना घरात एक लग्न होते. आमच्याकडे लग्नाची हळद जात्यावर दळतात. त्या पहाटे आजी जात्यावर बसली. समोर चुलती होती. आजीने खुंटा धरला, आणि पहिल्या फेऱ्याबरोबर ओवी सुरू केली. मी गंमत म्हणून वडिलांच्या फोनवर ते टिपून घेतले. दहाएक मिनिटे असेल. जात्याची घरघर इतकी होती की आजीचे शब्द निम्मे कळत नव्हते. पुढे वर्षभराने फोनमध्ये जागा उरली नाही, तेव्हा सिनेमाची गाणी भरण्यासाठी मी ते पुसून टाकले. मी बारावीत असताना आजी गेली. मला कोणी रागावले नाही, कारण मी काय पुसले हे कोणालाच ठाऊक नव्हते.

लिव्हरपूलची ती एकुलती तबकडी वीसेक वर्षे कोणीतरी सांभाळली. माझ्या हातातली मी एका वर्षात घालवली.

असो. ‘सुदैवाने सगळ्यांनीच माझ्यासारखे केले नाही,’ असे आमचे मराठीचे सर मी ही हकिगत सांगितली तेव्हा म्हणाले, आणि त्यांनी मला जात्यावरच्या ओव्यांच्या एका मोठ्या संग्रहाविषयी सांगितले. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण भारताचे नागरिक झालेले गी प्वातवाँ या दोन अभ्यासकांनी १९८० नंतरच्या दशकात डोंगराळ भागातल्या गरीब बायकांबरोबर काम करताना त्यांच्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. काम आपल्याच जिल्ह्यातल्या मुळशीसारख्या तालुक्यांपासून वाढत राज्यभर गेले. हजारावर गावे, तीन हजारांहून अधिक स्त्रिया आणि एक लाखाहून अधिक ओव्या! पुढे १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल या फ्रेंच संगीततज्ज्ञाने त्यांतल्या काही हजार ओव्यांचे ध्वनिमुद्रण केले. प्वातवाँ २००४ मध्ये वारले. त्यानंतर ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहाने २०१७ पासून या ओव्या, शब्द आणि आवाज दोन्ही, सर्वांसाठी खुल्या करायला घेतल्या.

येथे ओवीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. कारण आपल्यापैकी पुष्कळांनी जाते फक्त अडगळीत पाहिले असेल. पुस्तकात जात्यावरची ओवी दोन ओळींची दिसते. पण जात्यावर ती दोन ओळींची राहात नाही. बाई ओळ मध्येच तोडते, तोच तुकडा पुन्हा घेते, ‘अगं बाई’सारखे शब्द भरीला घालते; कारण ओवीला जात्याच्या फेऱ्याशी जुळवून घ्यावे लागते. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकायचे. दाणे टाकताना फेरा मंदावतो, मग सूरही मंदावतो. जाते जड चालत असेल तर ओवी संथ होते. टाकीने नुकतेच टाकलेले असेल तर पीठ भराभर पडते आणि ओवीही पुढे धावते. म्हणजे जाते हेच ओवीचे वाद्य आणि तोच तिचा ताल. म्हणूनच मला वाटते की लेननच्या गळ्यामागचा पियानो दूर केला ते योग्य असेलही. पण आजीच्या ओवीमागची घरघर दूर केली असती, तर ओवी अर्धीच उरली असती. त्या वेळी मला तीच घरघर नकोशी वाटली होती!

दुसरा विशेष असा, की या गाण्याला श्रोता नाही. तमाशाला फड असतो, भजनाला मंडळी असतात. दळणारी बाई मात्र पहाटेच्या अंधारात, घर निजलेले असताना गाते. म्हणून जे सासूला सांगता येत नाही, नवऱ्याला सांगता येत नाही, ते जात्याला सांगते. माहेर, भाऊ, लेकीचे जाणे, सीतेचा वनवास, पंढरीचा विठ्ठल हे विषय तर आहेतच. पण दलित स्त्रियांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्याही या संग्रहात आहेत. शाळेची पायरी न चढलेल्या बायकांनी आपल्या काळाविषयी काय विचार केला, हे सांगणारे इतके विपुल साधन दुसरीकडे क्वचितच मिळेल.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी त्यांतल्या काही ओव्या फोनमध्ये उतरवून घरी नेल्या. आमच्या गावात फोनच्या रेंजचा भरवसा नाही, म्हणून आधीच उतरवून घेतल्या होत्या. भाऊबिजेला आत्या आली होती. संध्याकाळी चुलीपुढे आत्या, चुलती, आई आणि शेजारच्या दोघी बसल्या असताना मी फोन मध्ये ठेवला आणि मुळशीतल्या एका बाईची भावावरची ओवी लावली.

आधी सगळ्या हसल्या. “हे काय फोनात ऐकायचं असतं?” चुलती म्हणाली. मग आत्याने हात वर केला, म्हणून मी फोन थांबवला. ती म्हणाली, “ही आमची ओवी हाये. पर तिनं शेवट निराळा केला.” आणि तिने आपला शेवट म्हणून दाखवला. शेजारच्या काकूंचा शेवट तिसराच निघाला. कोणाचा खरा, यावर घटकाभर वाद चालला. मला एकदम मैत्रिणीच्या काकांची आठवण झाली. तेही असेच सांगत होते, की एकाच गाण्याची तीन रूपे संचात आहेत आणि तिन्ही त्यांना हवी आहेत. फरक एवढाच, की काका दाराशी उभे होते. या बायका खोलीच्या आतल्या होत्या.

मग आठवणी निघाल्या. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा सगळ्यांना किती हायसे वाटले, हे त्यांनी आवर्जून सांगितले. दोन पायल्या दळून दिवसभर आवणात वाकायचे, हे सुखाचे नव्हते. चुलती म्हणाली, “गाणं ग्वाड हुतं, जातं न्हाई.” हे वाक्य मी विसरणार नाही. जुन्याचे गोडवे गाताना आपण दमलेले हात विसरतो.

आणि शेवटी आत्या म्हणाली, “आई ही ओवी म्हनायची तेव्हा मधीच थांबायची.” का, असे मी विचारले. आजीचा एक भाऊ लहानपणीच गेला होता. हे मला ठाऊक नव्हते. पुसून टाकलेल्या त्या दहा मिनिटांत आजी दोनदा थांबली होती, ते मला आठवते. दम लागला असेल, असे मी समजले होते.

त्या रात्री मी धीर करून आत्याला सारे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “येडे, तुझ्याजवळचं गेलं. माझ्याजवळचं हाये की अजून. लिव्ह.” दिवाळीची सुटी संपेपर्यंत आत्या, चुलती आणि शेजारच्या काकूंकडून मी त्रेसष्ट ओव्या वहीत उतरवल्या. त्यांतली एकही येथे छापलेली नाही. “वहीत ठेव, पुस्तकात नको, त्यात घरातलं हाये,” असे आत्याने बजावले आहे, आणि ते मला मान्य आहे. जपणे आणि उघड करणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मी यातून शिकले.

आपल्या महाविद्यालयात डोंगरातल्या गावांमधून येणारे आम्ही पुष्कळ जण आहोत, आणि प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. म्हणून अनुभवाने कळलेल्या चार गोष्टी नमूद करते. आवाज टिपण्यापूर्वी त्या माणसाला विचारावे. आरंभी गाणारीचे नाव, गाव आणि तारीख आपल्याच आवाजात बोलून ठेवावी; नाहीतर दहा वर्षांनी तो आवाज कोणाचा हे कळणार नाही. मागचा गोंगाट, थांबणे, खोकला, हसू काहीही कापू नये. कारण अर्थ कधी कधी तिथेच असतो. आणि प्रती निदान दोन कराव्यात, त्याही दोन निरनिराळ्या ठिकाणी.

निघायच्या आदल्या पहाटे आत्याने अडगळीतून जाते काढायला लावले. मला समोर बसवले आणि खुंट्याला माझा हात लावला. मला फेरा नीट साधेना. जाते अडखळत होते आणि ओवीही त्याच्याबरोबर अडखळत होती. ते सर्व मी टिपले आहे. आत्याचा आवाज त्यात स्पष्ट आहे, घरघर ओबडधोबड आहे, आणि मध्ये एकदा ती थांबते.

त्याची एक प्रत वसतिगृहात आहे, दुसरी मैत्रिणीच्या काकांकडे, त्यांच्या कॅसेटींच्या कपाटात.